पापणी जड होते तेव्हा : मायस्थेनिया ग्रॅव्हिस आणि आपल्याच पेशींचं बंड



एक छोटा प्रयोग करून बघा. डोकं स्थिर ठेवा, नजर छताकडे वळवा आणि तशीच रोखून धरत मनातल्या मनात साठपर्यंत आकडे मोजा. डोळे थोडे कंटाळतील, पण पापण्या काही खाली येणार नाहीत. डॉक्टरांना एका विशिष्ट आजाराचा संशय आला की तेही रुग्णाला हेच करायला सांगतात. तो आजार असेल तर मोजता मोजता पापणी हळूहळू खाली सरकू लागते. दोन-तीन मिनिटं डोळे मिटून विश्रांती घेतली, की ती पुन्हा वर उचलली जाते.

या आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे 'स्नायूंचा गंभीर अशक्तपणा'. आपल्यापैकी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते अमिताभ बच्चन यांच्यामुळे. ऐंशीच्या दशकात त्यांना हा आजार असल्याचं निदान झालं होतं. दहा लाख लोकांमागे साधारण दीडशे ते अडीचशे रुग्ण, म्हणजे तसा हा दुर्मीळ आजार. पण मी रोगप्रतिकारशास्त्रात संशोधन करते आणि 'शरीर स्वतःवरच कसं उलटतं' हे कुणाला समजावून सांगायचं असेल तर मी याच आजारापासून सुरुवात करते. कारण इतर बहुतेक ऑटोइम्यून आजारांत कोणत्या रेणूवर हल्ला होतोय हे नीटसं ठाऊक नसतं. इथे गुन्ह्याची जागा, हत्यार आणि हत्यार बनवणारे कारागीर असे तिन्ही आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहेत.

पन्नास नॅनोमीटरची फट

तुम्ही हा लेख वाचताना पान वर सरकवता, तेव्हा मेंदूचा आदेश मज्जातंतूतून विजेच्या स्वरूपात बोटाच्या स्नायूपर्यंत येतो. पण मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ही फट वीज ओलांडत नाही, एक रसायन ओलांडतं. त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. मज्जातंतूच्या टोकाशी ते इवल्याशा पिशव्यांमध्ये भरून ठेवलेलं असतं. आदेश आला की पिशव्या फुटतात, रसायन पलीकडे जाऊन स्नायूवरच्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना चिकटतं, ग्राहींची दारं उघडतात आणि स्नायू आकुंचन पावतो. एक एन्झाइम लगेच त्या रसायनाचे तुकडे करून फट साफ करतं. हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं.

निसर्गाने इथे भरपूर शिल्लक ठेवली आहे. स्नायू हलवायला जेवढं रसायन लागतं त्याच्या कितीतरी पट जास्त दर वेळी सोडलं जातं, आणि ग्राहीही गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असतात. एकच स्नायू पुन्हा पुन्हा वापरला की दर खेपेला सुटणाऱ्या रसायनाचं प्रमाण थोडं थोडं घटतं, पण शिल्लक मोठी असल्यामुळे आपल्याला त्याचा पत्ताच लागत नाही. बँकेत बक्कळ पैसा असलेल्याला महिनाअखेर जाणवत नाही, तसंच. मायस्थेनियाच्या रुग्णाचे ग्राही मात्र फार कमी झालेले असतात. १९७३ साली बाल्टिमोरच्या संशोधकांनी रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे तपासले, तेव्हा ते निरोगी माणसाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी भरले. अशा माणसाचा महिना रोज सकाळी सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत संपतो. म्हणून सकाळी तो ठणठणीत असतो आणि दिवस कलताना पापणी उतरते, एकाचे दोन दिसू लागतात, घास चावून चावून जबडा थकतो, बोलणं नाकात जातं.

ग्राहींची मोजणी कशी केली, तेही सांगण्यासारखं आहे. महाराष्ट्रात मण्यार हा साप सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो चावला तर पुष्कळदा दुखतसुद्धा नाही, आणि पहिलं लक्षण दिसतं ते म्हणजे मिटू लागलेल्या पापण्या. या कुळातल्या सापांचं विष याच फटीवर घाला घालतं. आपल्या मण्याराच्याच एका तैवानी भाऊबंदाच्या विषातून चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी १९६३ साली एक प्रथिन वेगळं केलं, अल्फा-बंगारोटॉक्सिन. ते ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीला इतकं घट्ट चिकटतं की सुटता सुटत नाही. त्याला किरणोत्सर्गी खूण लावली की जितकी खूण तितके ग्राही. जे विष माणसाला मारतं, तेच इथे मोजमापाची पट्टी झालं.

ग्रिनिचच्या डॉक्टरबाई आणि लुळे पडलेले ससे

या आजाराचं वर्णन जुनं आहे. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस यांनी १६७२ सालीच अशा एका स्त्रीबद्दल लिहिलं होतं, जी बराच वेळ बोलली की तिची वाचाच बसायची. पण पुढे अडीचशे वर्षं उपचार काहीच नव्हता.

१९३४ साली लंडनच्या ग्रिनिच भागातल्या सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर काम करत होत्या. या आजाराचे रुग्ण आणि क्युरारे या दक्षिण अमेरिकेतल्या बाणांना लावायच्या विषाने लुळी पडलेली माणसं यांच्यातलं साम्य त्यांना खटकलं. क्युरारेवर फायसोस्टिग्माइन हा उतारा होता. तो त्यांनी आपल्या रुग्णाला टोचला आणि मिटलेली पापणी वर उचलली गेली. परिणाम काही तासच टिकला, पण बिघाड नेमका कुठे आहे, हे त्या काही तासांनी दाखवून दिलं. फायसोस्टिग्माइन फटीची सफाई करणारं ते एन्झाइम रोखतं, त्यामुळे रसायन जास्त वेळ टिकतं आणि उरलेल्या थोड्या ग्राहींना जास्त संधी मिळते. आज जगभरचे रुग्ण ज्या पायरिडोस्टिग्माइनच्या गोळ्या घेतात, त्या याच घराण्यातल्या.

पण ग्राही जातात कुठे? १९६० साली स्कॉटलंडमधल्या जॉन सिम्पसन यांनी तर्क मांडला, की रुग्णाची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर हल्ला करत असावी. पुरावा मिळाला तो तेरा वर्षांनी, आणि तोही ध्यानीमनी नसताना. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांना ग्राहीचा अभ्यास करण्यासाठी त्याला चिकटणारी अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं हवी होती. दक्षिण अमेरिकेतल्या विद्युत ईल माशाच्या वीज तयार करणाऱ्या अवयवात हे ग्राही खच्चून भरलेले असतात. त्यांनी ते शुद्ध करून सशांना टोचले. प्रतिपिंडं तयार झाली, पण ससेही लुळे पडले! माशाच्या ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडं सशाच्या स्वतःच्या स्नायूंवरही जाऊन बसली होती. आणि माणसांना दिलं जाणारं त्याच घराण्यातलं औषध टोचल्यावर ससे काही वेळ उठून बसले.

दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना रोज टोचून पाहिली. उंदरांमध्येही तोच बिघाड दिसला. हत्यार सापडलं होतं.

एक हत्यार, तीन वार

प्रतिपिंड म्हणजे इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराचं प्रथिन. त्याचे दोन हात लक्ष्याला पकडतात आणि शेपटी बाकीच्या प्रतिकारयंत्रणेला हाक मारते. मायस्थेनियात ते तीन प्रकारे नुकसान करतं.

पहिला प्रकार अडवण्याचा. काही प्रतिपिंडं ग्राहीवर अशी बसतात की ॲसिटिलकोलीनला जागाच उरत नाही.

दुसरा प्रकार ओढून नेण्याचा. दोन हात असल्यामुळे एकच प्रतिपिंड शेजारच्या दोन ग्राहींना एकत्र बांधतं. अशी जोडी दिसली की स्नायूपेशी तिला आत ओढून मोडीत काढते. एरवी आठवडा-दीड आठवडा टिकणारा ग्राही मग दोन-तीन दिवसांतच नाहीसा होतो आणि नवे ग्राही तितक्या वेगाने तयार होत नाहीत.

तिसरा प्रकार सगळ्यात विध्वंसक. प्रतिपिंडाची शेपटी 'कॉम्प्लिमेंट' नावाच्या प्रथिनांच्या साखळीला जागं करते. जंतूंच्या आवरणाला भोकं पाडणं हे या साखळीचं काम. इथे ती भोकं स्नायूच्या आवरणालाच पडतात. निरोगी स्नायूवर या जागी खोल घड्या असतात आणि घड्यांच्या माथ्यावर ग्राही दाटीवाटीने बसलेले असतात. या माऱ्याने घड्याच सपाट होतात.

रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण आणि आजाराची तीव्रता यांचा थेट मेळ का बसत नाही, हेही यातून कळतं. एका रुग्णात आकडा मोठा असूनही फक्त पापणी उतरते, तर दुसऱ्यात आकडा लहान असूनही श्वास अडकतो. किती प्रतिपिंडं आहेत यापेक्षा ती काय करतात, हे महत्त्वाचं. तेव्हा तपासणीच्या कागदावरचा आकडा शेजारच्या रुग्णाच्या आकड्याशी ताडून बघू नका.

कारखाना आणि कारागीर

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येऊ. ही प्रतिपिंडं बनवतं कोण?

प्रतिपिंडं तयार करतात बी-पेशी. पण बी-पेशीला एकटीने मोठा निर्णय घेता येत नाही. तिने पकडलेल्या प्रथिनाचे तुकडे ती टी-पेशीला दाखवते. मदतनीस टी-पेशीने ते ओळखले आणि 'हो, हे परकं आहे' असा संकेत दिला, तरच बी-पेशी वाढते, आपलं प्रतिपिंड अधिकाधिक धारदार करते आणि शेवटी प्लाझ्मा पेशी बनते. प्लाझ्मा पेशी म्हणजे निव्वळ कारखाना. सेकंदाला हजारांच्या हिशेबात प्रतिपिंडं बाहेर टाकणारा.

म्हणजे खरी चूक टी-पेशीच्या 'हो'मध्ये आहे. टी-पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथे त्यांना शरीरातल्या नाना प्रथिनांचे नमुने दाखवले जातात. जी पेशी 'आपल्या' प्रथिनावर तुटून पडते, तिला तिथेच संपवलं जातं. ही चाळणी कडक असली तरी अचूक नाही. निरोगी माणसांच्या रक्तातही ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडतात. तुमच्याआमच्यातही त्या असू शकतात. त्यांना आवरून धरतात नियंत्रक टी-पेशी. मायस्थेनियाच्या रुग्णांत या नियंत्रक पेशी आपलं काम नीट करत नाहीत, असं अनेक प्रयोगशाळांना दिसलं आहे.

थायमसची इथली भूमिका तर आणखी चमत्कारिक आहे. या ग्रंथीत काही स्नायूसारख्या पेशी असतात आणि त्यांच्यावर हाच ग्राही असतो. पन्नाशीच्या आत आजार सुरू झालेल्या रुग्णांत, आणि त्यात स्त्रियांचं प्रमाण जास्त, थायमसमध्ये बी-पेशींच्या वसाहती वसलेल्या दिसतात. बी-पेशींना धार लावण्याचं हे काम एरवी लसिका गाठींत चालतं, थायमसमध्ये त्याला थाराच नसतो. म्हणजे जिथे शिस्त शिकवायची त्या शाळेतच शस्त्रांचा कारखाना सुरू झालेला असतो. दहा-पंधरा टक्के रुग्णांत थायमसची गाठ, थायमोमा, असते. म्हणून निदान झाल्यावर छातीचा स्कॅन करतातच.

मग थायमस काढून टाकली तर? १९३६ साली आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका तरुण रुग्णाची थायमसची गाठ काढली आणि तिची तब्येत सुधारली. पण या शस्त्रक्रियेचा नक्की किती उपयोग होतो, याचं काटेकोर उत्तर मिळायला २०१६ साल उजाडलं. गाठ नसलेल्या १२६ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तीन वर्षांनी दिसलं, की थायमस काढलेल्यांचा अशक्तपणा कमी होता आणि त्यांना स्टेरॉइडही कमी लागत होतं. तरी शस्त्रक्रियेनंतर आजार लगेच पळून जात नाही. कारण आधी तयार झालेल्या काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत जाऊन ठाण मांडतात आणि वर्षानुवर्षं जगतात. शाळा बंद केली, तरी आधी बाहेर पडलेले कारागीर कामावर असतातच.

नाव एकच, आजार वेगळा

सार्वदेहिक मायस्थेनियाच्या सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांत ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात. उरलेल्यांचं काय, याचा एक भाग २००१ साली उलगडला. त्यांच्यातल्या काहींची प्रतिपिंडं 'मस्क' नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाला पकडतात. मस्कचं काम ग्राहींना एका जागी गोळा करून ठेवण्याचं. ते अडवलं की ग्राही विखुरतात आणि परिणाम तोच, अशक्तपणा.

पण पेशींच्या पातळीवर हा आजार निराळा आहे. मस्कविरुद्धची प्रतिपिंडं मुख्यतः आयजीजी-४ या उपप्रकारातली असतात. ती कॉम्प्लिमेंटला जागं करत नाहीत. त्यामुळे कॉम्प्लिमेंट रोखणारं औषध इथे फुकट जातं. उलट बी-पेशींचा नायनाट करणारं रिटुक्सिमॅब इथे फार चांगलं काम करतं. कारण असं दिसतं, की ही प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी अल्पायुषी असतात. बी-पेशींचा पुरवठा तोडला की कारखाना थोड्याच काळात ओस पडतो. अस्थिमज्जेतल्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींवर मात्र रिटुक्सिमॅबला हवी असलेली खूण, सीडी-२०, नसतेच. म्हणून दुसऱ्या रुग्णाला लागू पडलेलं औषध आपल्या माणसाला का देत नाहीत, असा प्रश्न पडला तर आधी कोणती प्रतिपिंडं सापडली आहेत ते विचारा.

नवजात बाळांनी दाखवलेली वाट

मायस्थेनिया असलेल्या आईच्या पोटी जन्मलेल्या शंभर बाळांपैकी साधारण दहा ते वीस बाळं जन्मतः अशक्त असतात. रडणं क्षीण, दूध ओढायला त्रास. पण काही आठवड्यांत ती पूर्ण बरी होतात. का? आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात येतात, पण ती बनवणाऱ्या पेशी येत नाहीत. साठा संपला की आजार संपला.

वारेतून प्रतिपिंडं पलीकडे नेणारा जो वाहक आहे, तोच वाहक मोठ्या माणसांतही काम करतो. तो प्रतिपिंडांना मोडीत जाण्यापासून वाचवून पुन्हा रक्तात सोडतो, म्हणून ती जवळजवळ तीन आठवडे टिकतात. या वाहकालाच अडवलं तर? २०२१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एफगार्टिजिमॉड नेमकं हेच करतं. चांगली-वाईट सगळीच आयजीजी प्रतिपिंडं लवकर मोडली जातात आणि अशक्तपणा कमी होतो. त्याआधी २०१७ साली कॉम्प्लिमेंटची साखळी रोखणारं एक्युलिझुमॅब मंजूर झालं होतं. ते घेण्यापूर्वी मेनिंगोकॉकस जंतूची लस घ्यावी लागते, कारण या जंतूला मुख्यतः कॉम्प्लिमेंटच रोखून धरतं. प्रतिकारशक्तीचा प्रत्येक भाग बंद करण्याची काही ना काही किंमत असते, ती अशी.

ही औषधं फार महाग आहेत आणि भारतातल्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर. पण धीर सोडायचं कारण नाही. पायरिडोस्टिग्माइन, स्टेरॉइड, ॲझाथायोप्रिन, गरज पडल्यास थायमसची शस्त्रक्रिया आणि संकटकाळी प्लाझ्मा बदलणं किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणं, या जुन्या उपायांवर असंख्य रुग्ण कामधंदा करत चांगलं आयुष्य जगतात.

परदेशात बसून काय करता येईल?

हा आजार बऱ्याचदा उशिरा ओळखला जातो. दवाखान्याची वेळ सकाळची, आणि सकाळी रुग्ण ठीक असतो. दुखत नाही, बधिरपणा नाही, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या स्वच्छ. मग 'वय झालं', 'दगदग होते', आणि बाईमाणूस असेल तर 'मनाचे खेळ' असा शिक्का बसतो.

आपली मात्र एक सोय आहे. अमेरिकेतून सकाळी केलेला फोन भारतात संध्याकाळी लागतो. आई-बाबांची पापणी संध्याकाळी उतरलेली दिसली, बोलता बोलता आवाज नाकात जाऊ लागला, तर व्हिडिओ कॉलचं चित्र जपून ठेवा आणि त्यांना ते न्यूरोलॉजिस्टना दाखवायला सांगा. सकाळ-संध्याकाळचे दोन फोटो शेजारी ठेवले तरी पुष्कळ काम होतं.

निदान आधीच झालेलं असेल तर काही औषधांची यादी घरात आणि पाकिटात हवी. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी फ्लुरोक्विनोलोन, ॲझिथ्रोमायसिन, जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम आणि काही बीटा-ब्लॉकर अशक्तपणा एकदम वाढवू शकतात. यातल्या काही गोळ्या आपल्याकडे साध्या तापाला किंवा जुलाबाला सहज घेतल्या जातात, म्हणून सावध राहा. मात्र चालू असलेलं कुठलंही औषध मनाने बंद करू नका.

आणि एक गोष्ट फोनवरूनही तपासता येते. खोल श्वास घ्यायला लावून, एका दमात किती आकडे मोजता येतात ते बघा. निरोगी प्रौढ माणूस चाळीस-पन्नासपर्यंत सहज जातो. रुग्णाचा दम विसाच्या आत संपत असेल, गिळताना ठसका लागत असेल, आडवं झाल्यावर धाप लागत असेल, तर उद्याची वाट न बघता रुग्णालय गाठायला सांगा. श्वासाचे स्नायू थकतात तेव्हा वेळ थोडा असतो. आणि आकडा चांगला आला तरी धाप लागत असेल, तर विश्वास धापेवर ठेवा.

पुढचा प्रश्न

आजची सगळी औषधं कमी-अधिक प्रमाणात सरसकट मारा करतात. गुन्हेगार मूठभर, संचारबंदी अख्ख्या शहराला. २०२३ साली जर्मनीतून एका तरुण रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. इतर औषधांना दाद न देणाऱ्या या स्त्रीच्या स्वतःच्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांना बी-पेशी ओळखायला शिकवून परत सोडण्यात आलं आणि तिचा अशक्तपणा खूपच कमी झाला. पण यातही चांगल्या-वाईट सगळ्याच बी-पेशी जातात. त्याच्याही पुढची कल्पना अशी, की टी-पेशीच्या हातात मस्कचाच तुकडा द्यायचा. जी बी-पेशी त्या तुकड्याला पकडायला येईल, तीच मारली जाईल. बाकीच्या पेशी, म्हणजे लसींची आणि जुन्या आजारांची आठवण जपणाऱ्या, शाबूत राहतील. यावर माणसांमधल्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या आहेत.

मात्र कोट्यवधी पेशींमधून त्या थोड्या चुकलेल्या पेशी आधी ओळखता आल्या पाहिजेत. म्हणून अनेक प्रयोगशाळांमध्ये आज रुग्णांच्या रक्तातल्या पेशींना रंगीत खुणा लावून लेझरसमोरून एकेक करत पळवलं जातं आणि वेगळी दिसेल ती बाजूला काढली जाते. काम वेळखाऊ आहे. पण मेरी वॉकर यांच्या इंजेक्शनाने पापणी काही तास उघडी ठेवली होती. ती कायमची उघडी राहावी, आणि तीही बाकीच्या प्रतिकारशक्तीला हात न लावता, इतकं नेमकं उद्दिष्ट आता आमच्यासमोर आहे.